कव्हरवरचा गोल वण

जुनी एलपी हातात घेतली की गाण्याच्या नावाआधी कव्हरवरचा गोल वण डोळ्यांत भरतो. रेकॉर्डी वर्षानुवर्षं एकीवर एक रचून ठेवल्या की वरचं वजन खालच्या कव्हरांवर येतं, आतल्या बारा इंची तबकडीची कड पुठ्ठ्यातून वर उमटते आणि नेमकी त्या वर्तुळावरची शाई घासली जाते. गायकाच्या खांद्यावरून, तानपुऱ्याच्या भोपळ्यावरून, नायिकेच्या गालावरून एक फिकट कडं फिरलेलं दिसतं. असं कव्हर दिसलं की दर्दी संग्राहक भाव पाडतात. भंडारा जिल्ह्यात माझ्या पाहण्यात आलेल्या जवळजवळ प्रत्येक कव्हरवर हा वण होता. इथल्या रेकॉर्डी दिवाणखान्यातल्या कपाटात उभ्या राहिल्याच नाहीत. त्या पत्र्याच्या पेटीत आडव्या पडल्या, बंडीतून लग्नाला गेल्या, मंडईला गेल्या, गणपतीच्या मांडवात धूळ खात वाजल्या. ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेयर होता अशी घरं गावात एक-दोन. बाकीच्या गावासाठी रेकॉर्ड म्हणजे लाउडस्पीकरवाल्याची पेटी. म्हणून इथल्या कव्हरांची गोष्ट मुंबई-पुण्याच्या कव्हरांपेक्षा वेगळी आहे, आणि ती कुणी फारशी लिहिलेली नाही.

कव्हराचं महत्त्व कळायला आधी कव्हर नसलेला काळ पाहावा लागतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या खाकी कागदाच्या पिशवीत येत. पिशवीच्या मधोमध गोल भोक, त्यातून तबकडीवरचं लेबल दिसायचं, आणि कागदावर दुकानदाराचं नाव छापलेलं. चित्र म्हणून जे काही होतं ते लेबलावरचं: भोंग्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा. फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराने निपर नावाच्या कुत्र्याचं ते चित्र आधी फोनोग्राफसमोर काढलं होतं. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते घेतलं तेव्हा फोनोग्राफच्या जागी ग्रामोफोन रंगवून घेतला आणि चित्र व हक्क मिळून शंभर पौंड दिले. खेड्यापाड्यांत ‘कुत्राछाप’ म्हटलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. गायक कोण, तो दिसतो कसा, हे मात्र त्या तबकडीवरून कळत नव्हतं.

त्या तबकड्या लाखेच्या होत्या. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जगतो आणि स्वतःभोवती राळेसारखा थर चढवतो. तो खरवडून, वितळवून, गाळून जो चपडा होतो, त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून या तबकड्या दाबल्या जात. पळस हे झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, घरचं झाड, आणि इथल्या जंगलांतूनही लाख गोळा होऊन बाजारात येत असे. जगभर वाजलेल्या लाखेच्या तबकड्यांत मध्य हिंदुस्थानातल्या जंगलाचा वाटा होता, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखेचा तुटवडा जाणवू लागला. सैनिकांसाठीच्या ‘व्ही-डिस्क’ विनाइलवर निघू लागल्या. विनाइल लवचिक, पडलं तरी फुटत नाही, आणि त्यावर कितीतरी बारीक खाचा पाडता येतात. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी एलपी बाजारात आणली. जिथे एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत होती तिथे वीसहून अधिक मिनिटं मावू लागली.

चित्राची कल्पना मात्र एलपीच्याही आधीची. ॲलेक्स स्टाइनवाइस हा न्यूयॉर्कचा तरुण १९३९ मध्ये कोलंबियात कामाला लागला तेव्हा रेकॉर्डींचे संच साध्या, करड्या-तपकिरी पुठ्ठ्यात विकले जात. त्याने मालकांना पटवलं की दर्शनी बाजूला चित्र असावं, गाणं ऐकण्याआधी ते डोळ्यांना दिसावं. खर्च वाढणार म्हणून कुरकुर झाली, पण विक्री चढली आणि वाद मिटला. पुढे एलपी आल्यावर तिच्या बारीक खाचा जाड खाकी कागदाने घासल्या जात, म्हणून पातळ पुठ्ठ्याचं छापील कव्हर रूढ झालं, त्यातही स्टाइनवाइसचाच हात होता. बारा इंची तबकडीला सुमारे एकतीस सेंटिमीटरचा चौकोन मिळाला. चित्रकाराच्या दृष्टीने हा आकार अत्यंत सुखाचा आहे. दोन्ही हातांत धरता येतो, मांडीवर ठेवता येतो, आणि त्यावरचा माणसाचा चेहरा जवळजवळ खऱ्या चेहऱ्याएवढा छापता येतो.

भारतात साठच्या दशकात एलपी आणि तिची धाकटी बहीण ईपी रुळली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लाखेच्या तबकड्या निघणं थांबलं. ईपी सात इंचाची, पंचेचाळीस फेऱ्यांची, दोन्ही बाजू मिळून साधारण चार गाणी. खेड्यातल्या खिशाला परवडायची ती हीच. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला आणि मराठी गाणी ध्वनिमुद्रित होत मुंबईत. नकाशा पाहिला तर या दोन टोकांना जोडणारा हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्ग भंडारा रोड स्टेशनवरून, म्हणजे वरठीवरून जातो. भंडारा शहर तिथून थोडं आत. गाड्या आमच्या जिल्ह्यातून धडधडत जात, आणि रेकॉर्ड घ्यायची तर आमच्या लोकांना नागपुरात सीताबर्डीला जावं लागे.

आमच्या पवनी तालुक्यातल्या गावात लाउडस्पीकरवाले एक काकाजी होते. त्यांच्याकडे अहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, मोटारीची बॅटरी आणि हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. ऐपत आल्यावर त्यांनी एचएमव्हीचा, म्हणजे त्याच कुत्राछाप कंपनीचा, ‘फिएस्टा’ प्लेयर घेतला, झाकणातच स्पीकर असलेला, घरी ऐकण्यासाठी. पेटी उघडली की आधी रॉकेलचा आणि मग जुन्या पुठ्ठ्याचा वास यायचा. आम्ही पोरं भोवती गोळा झालो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “काहून रे, हात धुतले का?” हात धुऊन, चड्डीला पुसून आलो की एकेक कव्हर पाहायला मिळे. तबकडीला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती.

त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या पोराला अक्षरओळख बेताची होती आणि कव्हरांवर तर बहुतेक मजकूर इंग्रजीत. तरी अंधारात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, तो हवी ती रेकॉर्ड क्षणात काढून द्यायचा. “नंबर नोको पाहू, फोटो पाय,” काकाजी मला म्हणाले होते. पदर डोक्यावर घेतलेली बाई म्हणजे हळदीची गाणी. घोड्यावरचा माणूस म्हणजे वरात. पेटीवाला बुवा म्हणजे पहाटेचं भजन. कोण्या गावातल्या लग्नात कुठल्या विधीला कोणतं गाणं लागतं हे त्या पोराला कव्हरांवरून पाठ होतं. मुंबईत ज्या चित्राचा हेतू गिऱ्हाईक खेचणं हा होता, तेच चित्र इथे अनुक्रमणिकेचं काम करत होतं. स्टाइनवाइसने कल्पनाही केली नसेल असा त्याच्या कल्पनेचा हा उपयोग, आणि माझ्या मते तो सगळ्यांत सुंदर.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, मिठाई, दंडारीचा लोकनाच, रात्री नाटक. मोठ्या मंडईत दोन-तीन लाउडस्पीकरवाले जमत आणि रेकॉर्डींची देवघेव होई. मग घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक जण आपल्या कव्हरवर खूण करी. कुणी रबरी शिक्का मारी, कुणी ऑइलपेंटने आकडा टाकी, आणि तो आकडा बरेचदा नायकाच्या कपाळावरच. काही कव्हरांवर लग्नात भेट दिल्याची नोंद असे, निळ्या शाईत, तारखेसह. संग्राहकाच्या भाषेत हे सगळं नुकसान. मला त्यात एका जिल्ह्याची ऐकण्याची नोंदवही दिसते: कुठली रेकॉर्ड कुणाकडून कुणाकडे गेली, कोणत्या वर्षी कोणाच्या लग्नात पोहोचली.

माझं सर्वांत आवडतं कव्हर एका ईपीचं आहे, लग्नगीतांच्या. कुणा प्रसिद्ध चित्रकाराचं नाव त्यावर नाही. मुंडावळ्या बांधलेली नवरी खाली पाहते आहे, मागे आंब्याचं तोरण, आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात कोणाची तरी वाचता न येणारी सही. लहानपणी मला वाटायचं की नवरी हसते आहे. मोठेपणी भिंग लावून पाहिलं तेव्हा त्या हसण्याचं कारण सापडलं. रंगीत चित्र छापताना ते चार रंगांत फोडतात: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट, प्रत्येक प्लेटवर लहान-मोठे ठिपके. चारही रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी पडले की डोळा ते एकत्र करून त्वचेचा, शालूचा, पानाचा रंग पाहतो. यासाठी चारही छपाया तंतोतंत एकावर एक बसाव्या लागतात. या कव्हरात किरमिजी प्लेट केसभर उजवीकडे सरकली आहे. त्यामुळे ओठांचा लाल रंग ओठांच्या रेषेबाहेर किंचित ओघळला आहे, एका कोपऱ्यावर वर चढला आहे, आणि खाली मान घातलेली नवरी गालातल्या गालात हसते आहे असं वाटतं. त्या दिवशी छापलेल्या सगळ्या प्रती अशाच असतील की ही एकटीच, ते मला शोधायचं आहे. दुसरी प्रत अजून हाती आलेली नाही.

तीच ईपी उलटी केली की कव्हर बनवण्याची रीत दिसते. समोरचा छापील, चकचकीत कागद पुठ्ठ्यावर डकवून त्याच्या कडा मागे वळवलेल्या आहेत. मागच्या पांढऱ्या कागदावर त्या पट्ट्या आजही बोटाला लागतात. चकाकी येते ती कागदावर चिकटवलेल्या पारदर्शक फिल्मची. दमट हवेत ती सुटते आणि फोड येतात. मागे गाण्यांची यादी, गायक-संगीतकारांची नावं, कंपनीचा पत्ता, आणि ‘सेव्हन-ई-पी-ई’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक, म्हणजे एचएमव्हीची सात इंची ईपी. वरच्या कोपऱ्यात काकाजींचा शिक्का.

मोठ्या कव्हरांची गंमत वेगळी होती. भंडाऱ्यात राहणाऱ्या माणसाला भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व यांना समोर बसून ऐकण्याचा योग क्वचितच. वर्तमानपत्रातले फोटो काळपट, अस्पष्ट. एलपीच्या कव्हरवर मात्र गायकाचा चेहरा तळहाताहून मोठा असे आणि तो तासभर निरखता येई. भीमसेनजींच्या कपाळावरच्या आठ्या, तंबोऱ्यावरची बोटं, शालीचा काठ. आमच्याकडच्या किती तरी घरांत गायकाची ओळख म्हणजे कव्हरवरचा तो एकच क्षण होता, आणि पुढे तोच गायक दूरदर्शनवर हलताना दिसला तेव्हा वडीलधाऱ्यांना तो जरा परका वाटला होता.

या कव्हरांमागे विदर्भातला एक माणूस उभा आहे, त्याची आठवण इकडे पुरेशी होत नाही. जी. एन. जोशी खामगावचे, नागपुरात शिकलेले. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३२ मध्ये रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीताची वाट मोकळी झाली. कवी आणि गायक दोघेही विदर्भातले. १९३८ मध्ये ते एचएमव्हीत अधिकारी म्हणून गेले आणि पुढची कित्येक वर्षं मोठमोठ्या गवयांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करणं, त्यांची मर्जी सांभाळणं, काय वाजवायचं ते ठरवणं हे त्यांचं काम राहिलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्याच देखरेखीखाली झाली, आणि काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस वाद्यांतून सांगणारी ती एलपी जगभर गेली. लाखेच्या तबकडीच्या खाकी पिशवीपासून रंगीत कव्हरापर्यंतचा सगळा प्रवास या एका माणसाच्या नोकरीत मावला. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांच्या आठवणींचं पुस्तक प्रत्येक संगीतप्रेमी वैदर्भीयाने वाचावं असं आहे.

काही कव्हरांना घरात देवघराचा मान होता. ‘गीत रामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललं, गदिमांची छप्पन्न गाणी. त्याच्या एलपींचा संच ज्याच्याकडे असे त्याच्याकडे रामनवमीला माणसं येत, आणि रेकॉर्ड वाजत असताना तिचं कव्हर फोटोशेजारी टेकवून ठेवलेलं असे. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा लता आणि हृदयनाथ मंगेशकरांची ‘शिवकल्याण राजा’ आली. तीही अशीच मांडली जाई. आणि बौद्धवाड्यांत १४ एप्रिलला भीमगीतांच्या ईपी निघत. या जिल्ह्यात बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती, त्यांना ऐकलेली माणसं तेव्हा हयात होती. बाबासाहेबांचं चित्र असलेलं ईपीचं कव्हर बुद्धमूर्तीच्या शेजारी, वर हार, पुढे मेणबत्ती. ज्या घरात प्लेयर नव्हता तिथेही नुसतं कव्हर मागून आणलेलं मी पाहिलं आहे. सात इंचाच्या पुठ्ठ्याला असा मान कुठल्या देशात मिळाला असेल?

चित्रपटांची कव्हरं याहून भडक आणि धीट. त्यांचं मूळ पोस्टरात आहे, आणि मराठी माणसाला पोस्टराचा वारसा कोल्हापूरकडून मिळालेला आहे: बाबूराव पेंटरांनी १९२०च्या दशकात आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतःच्या हाताने रंगवली. सत्तरच्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले दिवाकर करकरे तैलरंग सुरीने थापून चेहरे उभे करत. ‘दीवार’, ‘सत्यम शिवम सुंदरम’ ही त्यांची पोस्टरं. चित्रपटाच्या पोस्टरासाठी झालेलं काम बरेचदा कापून, आखडून कव्हरवर येई. पोस्टर पावसात भिजून भिंतीवरून गळून जायचं. कव्हर पेटीत राहिलं. ‘शोले’ १९७५ साली आला. पोलिडॉर कंपनीने त्याच्या संवादांचीही रेकॉर्ड काढली आणि ती गाण्यांहून अधिक गाजली. पवनीच्या जत्रेत गब्बरचा आवाज भोंग्यातून आधी आला, चित्रपट कितीतरी महिन्यांनी. मधल्या काळात आम्ही तो चित्रपट कव्हर पाहूनच मनात तयार केला होता.

आता जगातलं सर्वांत प्रसिद्ध कव्हर घ्या. बीटल्सचं १९६७चं ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्याने नामवंतांचे मोठमोठे पुतळेवजा फोटो उभे करून त्यांच्यापुढे बीटल्सना उभं केलं, खाली फुलांची आरास, आणि त्या आरासीत एक लक्ष्मीची मूर्तीही. जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहाने चार भारतीय योगी त्या गर्दीत आले. त्यातले परमहंस योगानंद बंगाल-नागपूर रेल्वेतल्या मोठ्या अधिकाऱ्याचे चिरंजीव, म्हणजे ज्या रेल्वेचं वरठी स्टेशन होतं त्याच रेल्वेचे. गांधीजींचाही फोटो उभा केलेला होता. ईएमआय या बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख जोसेफ लॉकवूड यांनी तो काढायला लावला. भारतातले लोक दुखावतील आणि तिथला धंदा बसेल ही त्यांची भीती. गांधीजी चित्रातून पुसले गेले. नागपूर ओलांडलं की सेवाग्राम लागतं, आणि तिथे राहणाऱ्या माणसाचा चेहरा लंडनच्या कव्हरवरून आपल्या भावना जपण्यासाठी हटवला गेला. तो निर्णय मला पटत नाही. आमच्या पेटीत गांधीजींची भजनांची कव्हरं गब्बरच्या शेजारीच होती आणि कुणाचं काही दुखावलं नव्हतं.

त्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’चं कव्हर आलं, ते सरळ आपल्या कॅलेंडरातल्या विराटरूप विष्णूच्या छापील चित्रावरून घेतलेलं. मधल्या चेहऱ्यांच्या जागी हेंड्रिक्स आणि त्याचे साथीदार. हेंड्रिक्सला ते रुचलं नव्हतं. त्याचं नातं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी होतं. पण छापील देवचित्रांची ही परंपरा ज्या छापखान्यांनी घरोघर पोहोचवली त्यातला एक महत्त्वाचा म्हणजे राजा रविवर्म्याचा, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला. भंडाऱ्याच्या ज्या भिंतींवर ती चित्रं होती, त्याच भिंतींना टेकून पुढे कव्हरं उभी राहिली. आमच्या लोकांना कव्हरं पाहण्याची नजर कॅलेंडरांनी आधीच दिली होती.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि एकतीस सेंटिमीटरचा चौकोन तळहाताएवढ्या कागदावर आला. काकाजींनी पेटी माळ्यावर टाकली.

एका गोष्टीची हळहळ मला आजही आहे. दंडार, खडी गंमत ही झाडीपट्टीची स्वतःची गाणी. कोळीगीतांना ईपी मिळाली, लावणीला मिळाली, पोवाड्याला मिळाली. दंडारीची एकही एलपी किंवा ईपी माझ्या पाहण्यात आलेली नाही. ज्या मंडईत परक्या गाण्यांची कव्हरं मिरवली, त्याच मंडईत नाचणाऱ्या दंडारीच्या पोरांचा फोटो कधी पुठ्ठ्यावर छापला गेला नाही. वडसा-देसाईगंजला झाडीपट्टी नाटकांची जी पोस्टरं आज निघतात, कलावंतांचे चेहरे ओळीने लावलेली, भडक पिवळ्या-लाल अक्षरांची, त्यांत मला जुन्या कव्हरांचा रंग दिसतो. तीही सीझन संपला की रद्दीत जातात. कोणी तरी त्यांचा संग्रह करायला हवा.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. आमच्या ओळखीच्या एका घरात रेकॉर्डींची पेटी दोन दिवस गाळात होती. तबकड्या धुऊन घेतल्या, वाजल्या. विनाइलला पाण्याने काही होत नाही. कव्हरं मात्र एकमेकांना चिकटून एक जड लादी झाली होती, आणि घाईघाईने ओढून सोडवताना एका चित्राचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून आला.

पुन्हा अशी वेळ आली तर काय करावं, हे ठाऊक असलेलं बरं. ओली कव्हरं ओढू नयेत. तबकडी आधी हलकेच बाहेर काढावी. कव्हराच्या आत आणि दोन कव्हरांमध्ये कोरा, न छापलेला शोषक कागद घालावा, तो दर काही तासांनी बदलावा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवावं. उन्हात पुठ्ठा वाकतो आणि फिल्म सुटते. तबकडी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून धुवावी. जुनी लाखेची असेल तर तिला स्पिरिट कधीही लावू नये. सुताराचं पॉलिश ज्यामुळे होतं तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, तशीच तबकडीही विरघळेल. पेटीत आडवं रचण्याऐवजी रेकॉर्डी उभ्या ठेवाव्या, म्हणजे गोल वण उमटणार नाही. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच ठेवू नयेत; विनाइल तिथे पापडासारखं वाकतं.

मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून जुन्या रेकॉर्डींची नोंद ठेवते आहे. ध्वनी तर आता बहुतेक ठिकाणी डिजिटल होऊन सापडतो. भंडाऱ्याच्या कव्हरांवरचे शिक्के, आकडे आणि निळ्या शाईतल्या तारखा कुठेच सापडणार नाहीत. कोणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक कव्हराचे दोन फोटो काढावेत, पुढून एक आणि मागून एक, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, चारही कोपरे येतील असे. फोटो काढण्याआधी शिक्का, आकडा किंवा ऑइलपेंट काहीही पुसू नये, आणि फोटोसोबत गावाचं नाव आणि ती रेकॉर्ड कोणत्या प्रसंगी वाजायची ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवावं.